सोफ्यावरची भिंत आणि तीन जपानी पट

पत्र: ताई, आम्ही चार वर्षांपासून टोक्योत, निशिकासाईला भाड्याच्या घरात राहतो. वसंतात बाबा गेले, त्यानंतर कुठे जावंसंच वाटत नव्हतं. शेवटी गेल्या महिन्यात क्योतोला जाऊन आलो. तिथे तोजी देवळाच्या बाजारात तीन जुने काकेजिकु, म्हणजे भिंतीवर टांगायचे गुंडाळीचे पट, घेतले. एक डोंगर-धुक्याचं शाईचं चित्र आहे, लांबी १९० सेंमी. दुसऱ्यात धबधब्यात उसळी मारणारा मासा आहे, तो १७० सेंमी. तिसऱ्यावर नुसती सहा अक्षरं आहेत, १५० सेंमी. अक्षरांचं वळण आवडलं म्हणून घेतला. तिन्ही पट सोफ्याच्या वर ओळीने लावायचे आहेत. पण डोंगराच्या पटावर तपकिरी ठिपके आहेत आणि मध्ये आडव्या वळ्या पडल्यात. नवरा म्हणतो, चित्र कापून घेऊ आणि काचेच्या फ्रेममध्ये बसवू. भिंतीला खिळे मारायची परवानगी नाही. एक तातामीची, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीची, खोली आहे, पण तिथे आम्ही कपडे वाळत घालतो. पुढच्या मार्चमध्ये कायमचे पुण्याला परतणार आहोत. फोटो पाठवतेय. काय करू?

उत्तर:

कापू नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण कात्री आधी ड्रॉवरमध्ये परत जाऊ दे.

तुमच्या यजमानांना भोवतालचं कापड म्हणजे चित्राचं वेष्टण वाटलं असेल. वाटणं साहजिक आहे. पण पाठवलेला फोटो पुन्हा उघडा आणि डोंगराच्या पटाकडे वरून खाली बघत या. मधल्या चित्राला होन्शी म्हणतात. त्याला चिकटून वर आणि खाली जी अरुंद जरीची पट्टी आहे ती इचिमोंजी. अख्ख्या पटातलं सगळ्यात भारी कापड याच दोन पट्ट्यांना वापरतात. तुमच्या पटावर ती फिकट सोन्याची आहे आणि तिच्यात बारीक वेल आहे, फोटो मोठा केला की दिसतो. त्याच्या बाहेर मधलं कापड, आणि त्याच्याही बाहेर वरचा भाग ‘तेन’ म्हणजे आकाश, खालचा ‘चि’ म्हणजे जमीन. आकाश जमिनीपेक्षा मोठं ठेवायचं, बहुतेक वेळा जवळजवळ दुप्पट. तातामीवर बसून, मान थोडी वर करून बघणाऱ्यासाठी हे माप धरलेलं असतं. वरून लोंबणाऱ्या दोन फितींना फूताइ म्हणतात. चीनमध्ये वाऱ्यावर अशा फिती हलल्या की पाकोळ्या चित्राजवळ येत नसत, अशी त्यांची गोष्ट सांगतात. चित्र कापून घेतलंत तर हे सगळं कचऱ्यात जाईल. हातात उरेल एक पातळ, तपकिरी पडलेला कागद.

हे जोडकाम करणारा कारागीर म्हणजे ह्योगुशी. तो चित्राच्या पाठीला हातकागदाचे थर लावतो. मिनोचा पातळ कागद आधी, मग योशिनोकडचे माती मिसळलेले मऊ कागद. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ असते. आतल्या थरांसाठी ती खळ माठात घालून दहा-दहा वर्षं मुरवतात, म्हणजे तिचा चिकटपणा उतरतो. पट गुंडाळला जावा, मऊ राहावा म्हणून ती अशी मुद्दाम कमजोर करायची, आणि शंभर वर्षांनी दुसऱ्या कोणाला पाणी मारून सगळे थर सोडवता यावेत, नवे लावता यावेत म्हणूनही. आपल्यानंतर येणाऱ्या कारागिराची सोय आधीच करून ठेवलेली असते. मला या कलेतली ही गोष्ट चित्रांहूनही जास्त आवडते.

म्हणूनच एक प्रसंग अजून सलतो. ओळखीतल्या एका कुटुंबाला जपानहून प्लमच्या फुलांचा पट भेट आला होता. त्यांच्या गावच्या फ्रेमवाल्याने चारी बाजूंचं कापड कापलं आणि चित्र लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने प्लायवुडवर चिकटवलं. दोन पावसाळ्यांत कागदाला फुगे आले, फांदीवरून पिवळे ओघळ उतरले. माझ्याकडे आणलं तेव्हा करण्यासारखं काहीच नव्हतं. तो गोंद पाण्याने सुटत नाही, आणि खरवडायला जावं तर चित्रच निघून येतं. फ्रेम हवीच असेल तर ह्योगुशीकडे जा. तो चित्र नीट सोडवून, मागे हवा खेळेल अशा चौकटीवर चढवून देतो. पण तुमच्या तिन्हींपैकी एकालाही त्याची गरज दिसत नाही.

आता सोफा. साधं माप घ्या. तुमच्याकडच्या फ्लॅटांची छतं २४० सेंमीच्या आसपास असतात. सोफ्याची पाठ ८०-९० सेंमी. वर उरतात दीडशे. डोंगराचा १९० सेंमीचा पट तिथे मावणारच नाही. खालचा दांडा सोफ्याच्या पाठीवर टेकला की ताण जातो आणि कापडाला पोट येतं. पट सरळ राहतो तो त्या दांड्याच्या वजनानेच, म्हणून तो अधांतरी लटकायला हवा. शिवाय सोफ्यावर बसणारा माणूस मागे डोकं टेकतो, आणि आपल्या डोक्यांना तेल असतं. फोटोत सोफ्यासमोरच ओटा दिसतोय. मोहरी-हिंगाची फोडणी रोज त्या दिशेने उडणार. रेशमावर बसलेला तेलाचा थर नुसता पुसून जात नाही.

आणि तीन एका ओळीत नकोत. तीन पट शेजारी लावायची रीत जपानात आहे, तिला सान्पुकुत्सुइ म्हणतात, पण ते तिन्ही मुळातच एकमेकांसाठी जुळवलेले असतात. क्योतोच्या दाइतोकुजी मठात मुची या तेराव्या शतकातल्या चिनी भिक्षूचे असे तीन पट आहेत. मध्ये शुभ्र वस्त्रातला कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, एका हाताला सारस आणि दुसऱ्या हाताला पिल्लाला कवटाळलेली वानरी. तुमच्या तिघांची तशी काही ओळख नाही. मासा इतका रंगीत आहे की शेजारचं धुकं दिसणारच नाही.

एका वेळी एकच लावा. भोवती दोन्हीकडे हातभर भिंत मोकळी सोडा, खाली हवं तर एका अंगाला छोट्या भांड्यात एखादं फूल. आणि तीन-चार आठवड्यांनी पट उतरवा. माझं सगळं सांगणं या एका शब्दाभोवती आहे: उतरवा. बाराही महिने भिंतीवर राहील असं हे चित्र केलेलंच नाही. म्हणून तर त्याला दांडा आहे, दोरी आहे, पेटी आहे. जपानी चहा-विधीचे थोर गुरू सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांनी चहाच्या खोलीतल्या सगळ्या वस्तूंत पहिला मान टांगलेल्या पटाला दिला असं त्यांच्या परंपरेत सांगतात. आजही पाहुणा आत आला की आधी पटासमोर वाकून नमस्कार करतो, मग बसतो. त्या दिवसासाठी, त्या ऋतूसाठी यजमानाने तो निवडलेला असतो हे त्याला ठाऊक असतं. रोज समोर असलेली वस्तू चार महिन्यांत दिसेनाशी होते. उतरवून सहा महिन्यांनी पुन्हा उलगडलेला पट मात्र माणूस उभा राहून बघतो. आपण पैठणी वर्षभर खुंटीला टांगत नाही, तसंच.

जागा तुमच्याच पत्रात आहे: तातामीची खोली. कपडे तेवढे दुसरीकडे वाळत घाला. ओल्या कपड्यांची दमट हवा आणि पट एका खोलीत नांदत नाहीत. चार वर्षं ज्या खोलीत पसारा आहे ती एकदा रिकामी झाली की तिचं रूप बघा. तोकोनोमा, म्हणजे पटासाठीचा कोनाडा, नसला तरी चालतो. भिंतीशी एक बुटकी लाकडी फळी मांडायची, तिला ओकिदोको म्हणतात, आणि तिच्या वर पट. तेवढ्याने कोनाडा झाला.

त्या खोलीच्या भिंतीवर दाराच्या चौकटीच्या उंचीला आडवी लाकडी पट्टी फिरलेली असेल, नागेशी. तिच्यावर नुसते अडकवायचे हूक मिळतात, भोक पाडावं लागत नाही. मात्र ती जमिनीपासून साधारण १८० सेंमीवर असते, म्हणजे अक्षरांचा पट तिथे बसेल, डोंगराचा जमिनीला लागेल. त्याच्यासाठी छताजवळ पिन मारा. भिंतीवर बोटाने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर आत जिप्समबोर्ड आहे. त्यासाठी बारीक दोन-तीन पिनांनी बसणारे हूक मिळतात. पट हलका असतो, त्यांना पेलतो. भूमी मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार टाचणी-पिनांची भोकं ही नेहमीच्या वापरातली झीज धरतात, भाडेकरूवर खर्च टाकत नाहीत. खिळे आणि स्क्रू त्यात येत नाहीत. तरी तुमच्या करारात काय लिहिलंय ते एकदा वाचून घ्या. भिंत काँक्रीटची निघाली तर जमीन ते छत ताणून बसणारा दांडा उभा करा. पट आखूड असल्याने फार उंचावर राहतोय असं वाटलं तर जिझाइ नावाचा वरखाली करता येणारा आकडा घ्या, स्वस्त असतो. एसीचा झोत आणि थेट ऊन, दोन्ही टाळा.

ठिपक्यांना हात लावू नका. ओलं फडकं नको, खोडरबर नको, आणि इंटरनेटवर सांगतात ते ब्लीच तर मुळीच नको. जुन्या कागदाला ओल मिळाली की असे तपकिरी डाग येतात. काळी शाई पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण तांबडा शिक्का पसरू शकतो. फोटोवरून तरी डाग बहुतेक आकाशाच्या मोकळ्या भागात आहेत. डावीकडे खाली, पुलावरून काठी टेकत जाणारा नखाएवढा माणूस आहे, त्याच्यापर्यंत एकही पोचलेला नाही. तो तुम्हाला दिसलाय ना? नसेल तर पट लावल्यावर खाली बसा आणि शोधा. सगळं चित्र त्याच्या चालीने बघायचं असतं: पूल, मग पायवाट, मग धुक्यात हरवलेली वाट, आणि खूप वर पुन्हा देवळाचं छप्पर.

आडव्या वळ्या पट घट्ट गुंडाळल्याने पडतात. थोड्याफार असतील तर टांगून ठेवल्यावर बसतात. त्यासाठी कोरड्या दिवसांत दोन-तीन आठवडे लावा. जून-जुलैच्या पावसात नको, आणि जानेवारीत हीटर चालू असताना हवा इतकी कोरडी होते की कडा आत वळायला लागतात, तेव्हाही नको. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. डोंगर-पाण्याचं चित्र कुठल्याही ऋतूला चालतं. वळी इतकी खोल असेल की शाई चिरतेय, तर मात्र ह्योगुशीला दाखवा. तो जुने थर सोडवून, धुऊन, नवे लावून देतो. त्याला महिने लागतात आणि खर्चही बराच असतो, म्हणून तीनशे-चारशे येनच्या खाऊसारखा विचार करू नका. आधी दाखवा, किंमत विचारा, मग ठरवा.

माशाचा पट तुमच्या मुलाचा आहे असं समजा. पत्राच्या फोटोत तो मागून डोकावतोय म्हणून म्हणते. कोइ मासा धबधबा चढतो. चीनमध्ये पीत नदीवर एक ‘ड्रॅगन दार’ आहे, तिथला प्रवाह जो मासा चढून जाईल त्याचा ड्रॅगन होतो, अशी ती कथा. म्हणून ५ मेच्या मुलांच्या सणाला हा पट लावतात. एप्रिलच्या मध्यावर काढा, सण झाला की गुंडाळा. हा पट हाताने काढलेला नसावा अशी मला शंका आहे. फोनचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन खवल्यांवर धरा. रंग बारीक ठिपक्या-ठिपक्यांचा दिसला तर ती छपाई आहे. असली तरी वाईट वाटून घेऊ नका. या तिघांत निर्धास्तपणे लावावा असा तोच एक आहे, आणि लहानग्या हाताला गुंडाळायला शिकवायलाही तोच बरा.

आता अक्षरं. इथे मी जरा थांबले, कारण बाबांचा उल्लेख तुम्ही सहज करून पुढे गेलात.

ती सहा अक्षरं वरून खाली अशी वाचतात: ना, मु, आ, मि, दा, बुत्सु. ‘नामु’ म्हणजे आपलं नमो. ‘आमिदा’ म्हणजे अमिताभ, ‘बुत्सु’ म्हणजे बुद्ध. नमो अमिताभ बुद्धाय. अक्षरं चिनी आहेत, पण उच्चार तुमच्या-माझ्या ओळखीचा आहे, नमस्कार संस्कृतातलाच. जपानात हा पट घरच्या गेलेल्या माणसाच्या आठवणीच्या दिवशी लावतात. पुण्यतिथीला, ओबोन या पितरांच्या सणाला, आणि हिगानला, म्हणजे मार्च-सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान होतात त्याच्या आगेमागे येणाऱ्या सात दिवसांत. हिगान या शब्दाचा अर्थच पैलतीर. शरदातलं हिगान आणि आपला पितृपक्ष पुष्कळ वर्षी एकाच सुमाराला पडतात.

तुम्हाला हे ठाऊक नव्हतं आणि तुम्ही तोच उचललात. त्याचा अर्थ मी लावत नाही. एवढंच सांगते की टीव्हीच्या शेजारी, पाहुण्यांच्या चहा-बिस्किटांवर हा पट लावलात तर तुमच्याकडे येणारे जपानी शेजारी बोलणार काही नाहीत, पण घरात कोणी गेलं का, असं त्यांच्या मनात येईल. तो तातामीच्या खोलीतच लावा, बाबांच्या तिथीला, पितृपक्षात. खाली बाबांना आवडायचं ते काहीतरी ठेवा. उदबत्ती लावाल तर लांब, धूर कापडावर जाणार नाही इतकी.

लावण्या-उतरवण्याची रीत हातात बसेपर्यंत दोघांनी मिळून करा. हात धुऊन, पुसून, अंगठ्या-बांगड्या काढून. पट मिटलेलाच ठेवून बांधणीची दोरी सोडा, वरच्या टोकाकडून वीतभर उलगडा, फिती खाली सोडा. वरची दोरी काठीच्या आकड्याने, तिला याहाझु म्हणतात, हुकात अडकवा. मग खालच्या दांड्याची दोन्ही टोकं दोन हातांत धरून हळूहळू खाली सोडत या. मध्येच सोडून दिलात तर पट झटक्याने उलगडतो आणि वरच्या दांड्यापाशी फाटतो. उतरवताना हेच उलट. चित्राला बोट लावायचं नाही, दांड्याची टोकंच धरायची. सैलसर गुंडाळा. कडा पुढेमागे झाल्या तर ठोकून सारख्या करू नका, परत उलगडा आणि पुन्हा सुरू करा. शेवटी दोरीखाली कागदाची छोटी पट्टी घाला, म्हणजे रेशमावर दोरीचा वळ उठत नाही. तीन वेढे, आणि टोक आत खोचून द्या. पावसाच्या दिवशी पेटीत भरू नका. कोरडा दिवस येऊ दे.

पुण्याला निघण्याआधी एक काम आवर्जून करा. खालच्या दांड्याची टोकं तपासा, जिकुसाकी म्हणतात त्यांना. माशाच्या पटाची एकसारखी गुळगुळीत आहेत, बहुधा प्लास्टिक. डोंगराच्या पटाची मात्र साईच्या रंगाची दिसतात. त्यांच्या गोल तोंडावर भिंगातून बघा. एकमेकांना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसली तर तो हस्तिदंत आहे. भारतात हस्तिदंत आणायला कायद्याने बंदी आहे, वस्तू कितीही जुनी असो. बॅगेत भरून बघू, असं करू नका. ह्योगुशीकडे नेऊन टोकं लाकडाची किंवा लाखेची बसवून घ्या. थोडक्यात होणारं काम आहे, आणि चित्राला त्याने काही होत नाही.

पुण्यात पोचल्यावर जूनपासून दसऱ्यापर्यंत तिन्ही पट पेटीतच राहू देत, आणि पेटी बाहेरच्या भिंतीला न लागता कपाटाच्या वरच्या खणात. पितृपक्षाला अक्षरांचा पट काढायचा असेल तर उघडीप बघून काढा, एक दिवस लावा आणि आत ठेवा. दसऱ्यानंतर एखाद्या कोरड्या सकाळी सगळे उलगडून दोन-तीन तास सावलीत हवा द्या. जपानातही पटांना असं वारं देतात, त्याला मुशिबोशी म्हणतात. कसरीसाठी कापूर ठेवलात तर फक्त कापूर, डांबरगोळ्या ठेवल्यात तर फक्त डांबरगोळ्या, आणि कागद-कापडाला न लागतील अशा. दोन्ही एकत्र आले की वितळतात आणि डाग पडतो.

क्योतोला आणखी एकदा जमलं तर तोजीचा बाजार दर महिन्याच्या २१ तारखेला भरतो आणि कितानो तेन्मानगूचा २५ तारखेला. बिवा नावाचं तंतुवाद्य मांडीवर घेतलेली देवी दिसली तर थांबा. ती बेन्झाइतेन, आपली सरस्वती. पुण्याच्या घरात दसऱ्याला लावायला त्याहून योग्य पट मला सुचत नाही.

आणि हो, डोंगराच्या पटाची लाकडी पेटी फोटोत कोपऱ्यात पडलेली दिसली, झाकण वेगळं. ते झाकण जपा. किरी लाकडाच्या या पेटीत दमट हवेचा त्रास कमी होतो हे एक. दुसरं म्हणजे चित्रकाराने स्वतःच्या हाताने लिहिलेली पेटी असेल, तोमोबाको म्हणतात तिला, तर झाकणाच्या वर चित्राचं नाव असतं आणि आतल्या बाजूला त्याची सही-शिक्का. फोटोत वरची बाजू दिसतेय, तिच्यावर धूळ आहे आणि धुळीखाली तीन-चार अक्षरं. ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरड्या कुंचल्याने झटका. मग झाकण उलटं करून खिडकीच्या उजेडात धरा आणि आतल्या बाजूचा एक फोटो मला पाठवा.